एक बोट डिझेल

नाकाचा खरा उपयोग कळलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो माझा व्याही आहे. बाकी आपण सगळे चष्मा टेकवायला आणि शेजाऱ्यांच्या भानगडीत खुपसायला नाक बाळगतो. हे विधान मी पूर्ण शुद्धीवर, दुपारचा चहा घेऊन, विचारपूर्वक करतो आहे. ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. मीही हसलो होतो. तीन वर्षं हसत होतो, आणि त्यानंतर अमावास्येच्या एका दुपारी बारा वाजता माझं हसू असं बंद झालं की आता या माणसाला कोणी हसलं तर मी भांडायला उठतो. आमची ही म्हणते, रिटायर झाल्यापासून तुम्हाला भांडायला निमित्तच लागतं. लागतं. पण हे निमित्त चांगलं आहे.

आमची ओळख झाली तीच मुळी वासावरून. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा एकाच कचेरीत. दोघांनी परस्पर ठरवून टाकलं आणि बोलणी करायला म्हणून ही मंडळी आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटवर आली. आम्ही मूळचे वाईकडचे, विम्याच्या कचेरीत जन्म घालवलेले, मोजूनमापून बोलणारे. ते खाडीकाठच्या गावातले आगरी, मोजून चौदा माणसं घेऊन आलेले. मी दारात हात जोडून उभा. व्याही आत आले, सोफ्यावर बसले, हिने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि न पिता खाली ठेवला. आतल्या खोलीत मुलीच्या बांगड्या वाजल्या. मग ते अगदी मायेने म्हणाले, "व्याही, तुमच्या टाकीचा झाकन कदी उघडलाय?" आता मी मुलीचा बाप, आणि त्यातून सोसायटीचा सेक्रेटरी. मनात म्हटलं, हे लग्न होत नाही. दुसऱ्या दिवशी टाकी उघडली तर आत एक कबुतर होतं, फार दिवसांचं. आख्खी सोसायटी महिनाभर ते पाणी पीत होती आणि गणपतीच्या प्रसादाला मीच ते वाटलं होतं. लग्न झालं. पण व्याह्यांचा मान काय असतो ते मला त्या कबुतराने शिकवलं.

पुढे कळलं की हा माणूस सगळंच हुंगतो. चहा हुंगतो, वर्तमानपत्र हुंगतो, रिक्षात बसण्याआधी रिक्षा हुंगतो आणि नापसंत पडली तर पुढची बोलावतो. डॉक्टरकडे गेला तर डॉक्टरच्या आधी हाच डॉक्टरला तपासतो. एकदा आम्ही दोघं एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो, तर वेटरने ताट ठेवल्याबरोबर यांनी सांगितलं की तेल कालचं आहे आणि स्वयंपाकी आज घरी भांडून आलाय. तेलाचं खरं निघालं. स्वयंपाक्याचं विचारायचा मला धीर झाला नाही.

नाकानंतर दुसरी गोष्ट म्हणजे पितळेची काठी. हिला ते डिप म्हणत. काठी पुरुषभर उंचीपेक्षा लांब, तीन तुकड्यांत जोडलेली, अंगावर आकडे कोरलेले. ती त्यांच्या हातात नाही असं तोवर मी कधी पाहिलं नव्हतं. तिने ते काहीही मोजत. गच्चीवरची टाकी, तांदळाचा पिंप, रस्त्यातला खड्डा. माझ्या मुलीच्या लग्नात जेवणाची चौथी पंगत बसायची होती आणि आचारी कपाळाला हात लावून बसला होता की भात पुरत नाही. व्याह्यांनी काठी धुऊन घेतली, मसालेभाताच्या डेगीत उभी सोडली, बाहेर काढून निरखली आणि जाहीर केलं की अजून चाळीस पानं बसतील. एकेचाळिसावा मी होतो. मला दहीभात मिळाला.

तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचं घड्याळ. हातात घड्याळ नाही, मोबाइल आहे पण तो वाजला की ते त्याला हुंगून बाजूला ठेवतात. त्यांचा सगळा कारभार तिथीवर. या माणसाने मला कधी "रविवारी अकराला या" म्हणून बोलावलं नाही. ते म्हणणार, "अष्टमीला या, भांग हाय, निवांत बसू." अष्टमीच्या सुमाराला भरती अंग धरत नाही, पाणी थोडंसंच वर येतं, त्याला त्यांच्याकडे भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला मात्र उधाण, खाडी फुगून येते, आणि ती फुगते बरोब्बर दुपारी बाराच्या सुमाराला. हे सगळं मला साठाव्या वर्षी शिकावं लागलं, कारण नाहीतर व्याह्यांकडे जायचं कधी हेच कळेना. भिंतीवरच्या कालनिर्णयात मी माझ्या पेन्शनीच्या तारखेच्या शेजारी भरती लिहू लागलो. वाईच्या आमच्या वाडवडिलांनी समुद्र पाहिलासुद्धा नव्हता.

या नाकाचा आणि काठीचा उगम एकच होता. त्यांच्या वडिलांचं शेत सरकारने नव्या शहरासाठी घेतलं आणि त्याच शेताच्या टोकाला, उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कंपनीचा डिझेलचा पंप उभा राहिला. कंटेनरच्या गाड्यांची तिथे रांग लागायची. जमीन गेलेल्यांपैकी काहींना नोकऱ्या मिळाल्या, त्यात यांना मिळाली डिपवाल्याची. म्हणजे सकाळी पंप उघडताना आणि संध्याकाळी पाळी संपताना जमिनीखालच्या टाकीच्या तोंडातून ही काठी आत सोडायची, बुडाला टेकली की वर काढायची, ती कुठवर ओली झाली ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. आपल्याच बापाच्या शेतात बसून या माणसाने बारा वर्षं परक्याचं डिझेल मोजलं. पुढे नवा पूल झाला, गाड्या वरून जाऊ लागल्या, पंप बंद पडला. मशिनं गेली, शेड गेली. टाक्या मात्र जमिनीतच राहिल्या. वर सिमेंट ओतलं आणि आता तिथे दोन वडापावच्या गाड्या आणि गावातल्या पोरांच्या मोटारी उभ्या असतात. खाली काय आहे ते कोणाला आठवत नाही. आठवत होतं ते एकट्या व्याह्यांना.

आणि त्या जागेपासून शे-दीडशे पावलांवर त्यांची विहीर. आता आजूबाजूला सहा-सहा मजली इमारती आहेत, त्यातली एक व्याह्यांचीच, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरची. पण मध्ये ही घडीव दगडाची विहीर तशीच आहे. त्यांच्या आज्याने खणलेली. खाडीला लागून असून पाणी गोड, म्हणून पूर्वी तीन गावं तिथे पाण्याला यायची. आज घरोघरी नळ आहेत, पण गावात लग्न निघालं की हळदीच्या आंघोळीचा हंडा याच विहिरीचा. माझी मुलगी सून म्हणून त्या घरात गेली तेव्हा तिच्या पायांवर पहिलं पाणी याच विहिरीचं पडलं. मला तेव्हा ते फारसं कळलं नव्हतं. मी पाय पुसायला टॉवेल शोधत होतो.

मग माझी नात जन्मली. बाळंतीण घराबाहेर पडली की आधी विहिरीची पूजा करायची अशी त्यांच्याकडे रीत. अमावास्या संपायची होती, पण सुवासिनी जमल्या होत्या, म्हणून घाई झाली. मुलगी हळदकुंकवाचं ताट घेऊन वाकली आणि व्याह्यांनी तिला खांद्याला धरून मागे ओढलं.  ते काठावर पालथे पडले, नाक खाली नेलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, डिझेल. आम्ही सगळ्यांनी हुंगून पाहिलं. मला धूप, फुलं आणि विहीणबाईंनी तळलेल्या बोंबलांचा वास आला. डिझेलचा नाही. गावात हशा पिकला की म्हाताऱ्याला अजून पंपाची स्वप्नं पडतात. पूजा झाली नाही. मुलगी ताट तसंच घेऊन परत आली आणि मी, सांगायला लाज वाटते, जावयाच्या कानात म्हटलं की वडिलांना एकदा दाखवून घ्या.

तक्रार लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण चौतीस वर्षं मी तेच केलं होतं. "उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक निवेदन" असं मी झोकात सुरू केलं. व्याह्यांनी ते वाचून घेतलं आणि विचारलं, यात वास कुठे आहे? मी म्हटलं, अहो अर्जात वास नसतो. ते म्हणाले, मग साहेबाला तो येणार कसा? शेवटी अर्जात मी असं वाक्य घातलं की "सदर विहिरीस अमावास्या व पौर्णिमा या दिवशी दुपारी बारा वाजता डिझेलचा वास येतो", आणि वाचताना मलाच ते भूतबाधेचं प्रकरण वाटलं. सरकारी कचेरीतही बहुधा तसंच वाटलं असावं, कारण चार अर्ज गेले तरी कोणी आलं नाही. पाचव्याला एक साहेब आले.

साहेब येणार हे कळलं आणि इथे जो घोटाळा झाला तो आपल्याच लोकांत होऊ शकतो. सरकारी माणूस दारी येणार म्हणजे पाहुणा येणार. विहीणबाई पहाटे उठल्या, सुनेच्या जुन्या सुती साड्या पाण्यावर पसरून त्यांनी विहिरीवर आता दिसू लागलेला पुसट तेलकट थर टिपून टिपून काढला, काठ घासला, रांगोळी घातली, कळशीला आंब्याची पानं बांधली. साहेब आले. त्यांनी बाटलीत पाणी भरलं, पोहे खाल्ले, विहिरीचं तोंडभर कौतुक केलं आणि गेले. पाणी स्वच्छ निघालं. व्याह्यांनी विहीणबाईंना इतकंच विचारलं की चोर पकडायला पोलीस यायच्या आधी चोराला घरी कोण पोचवतं? त्या दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. घाण विहीर पाहुण्याला कोण दाखवील?

दुसऱ्यांदा साहेब आले ते अष्टमीला, अकरा वाजता, कचेरीच्या वेळेत. भांगाचे दिवस. व्याही सांगत होते की आज काही दिसणार नाही, विहिरीच्या त्या जुन्या डिझेल पंपाकडच्या अंगाला पाण्याच्या वर दगडाची एक सांध आहे, उधाणाला जमिनीतलं पाणी तिथवर चढतं आणि त्याच्या डोक्यावर बसून डिझेल आत येतं. अवसेला या. साहेब हसले. सरकारी काम तिथीवर चालत नाही म्हणाले. पाणी पुन्हा स्वच्छ निघालं, आणि पंधरा दिवसांनी विहिरीच्या दगडाला कागद चिकटला. तक्रारी वारंवार येतात, विहीर वापरात नाही, अपघाताचा संभव आहे, सबब ती बुजवून वर पेव्हर ब्लॉक आणि बाकडी बसवण्यात येतील. हरकती एका महिन्यात.

गावाला आनंद झाला. चार मोटारी जास्त लागल्या असत्या. खुद्द माझा जावई म्हणाला, बाबा, टेन्शन संपलं, सोडा आता. व्याह्यांनी घरातली लोखंडी खुर्ची उचलली, विहिरीच्या काठाला नेऊन ठेवली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि बसले. उन्हात बसले. येणाराजाणारा थट्टा करी. आता विहिरीचे पहारेकरी झालात काय, पगार किती? ते म्हणत, जास्त हाय, तुला देत नाय. मी त्यांची समजूत घालायला गेलो. म्हटलं, व्याही, काळ बदलला, नळ आहेत, विहिरीशिवाय कोणाचं अडत नाही, आणि या वयात ऊन बाधतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विहीर आजारी हाय, व्याही, मेली नाय. आजाऱ्याला कोन पुरतो?"

मी घरी गेलो. जेवलो. कुशीवर झालो, पण डोळा लागेना. वीस वर्षं मी सोसायटीत सेक्रेटरी होतो आणि जी कटकट सुटत नाही तिच्यावर फरशी बसवायची हा माझाही खाक्या होता. संध्याकाळी मी आमच्या गच्चीवरची प्लास्टिकची खुर्ची रिक्षात घातली आणि त्यांच्या शेजारी नेऊन मांडली. त्यांनी फक्त काठी थोडी सरकवून जागा केली. त्या दिवसापासून आम्ही दोघं व्याही, साठी उलटलेले, एक आगरी आणि एक वाईकर, विहिरीवर बसू लागलो. हसणारे दुप्पट हसले. हसोत. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या हसण्याची पर्वा वाटत नव्हती आणि ते फार छान वाटत होतं.

हरकतीचा अर्ज मी असा लिहिला की त्यात वासही होता आणि कायदाही. त्यावर तिसऱ्यांदा जी आली ती एक इंजिनिअर बाई, जमिनीत मुरलेलं तेल शोधायचं काम करणारी. पंचविशी-तिशीची, पायात गमबूट. तिने व्याह्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा की अमावास्या कधी आहे? व्याही माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे. त्या माणसाला इतक्या महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

अवसेला ती साडेअकरालाच आली. विहीणबाईंना आम्ही माहेरी पाठवलं होतं, खबरदारी म्हणून. अर्धं गाव गंमत बघायला जमलेलं. बारा वाजले. पाणी दगडाला चाटत वर चढत होतं. मग पंपाकडच्या सांधीतून एक बारीक धार यावी तसं काहीतरी आलं, पाण्यावर पसरलं, आणि मोरपिसासारखे रंग उमटले. वास असा उठला की वडापाववाल्यानेही नाकाला रुमाल लावला. बाईने एक काचेसारखी नळी दोरीने खाली सोडली, भरून वर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उन्हात धरली. खाली पाणी, वर पिवळसर डिझेल. एक बोटभर. कोणी हसलं नाही.

मला वाटलं जिंकलो. पण सरकारी कामात विजय हा नेहमी पुढच्या टेबलावर असतो. देवळाच्या मंडपात बैठक बसली. साहेब म्हणाले, डिझेल आहे हे मान्य, पण आलं कुठून? इथे गॅरेजं आहेत, ट्रक उभे राहतात, जनरेटर आहेत. कोणाचं ते ठरत नाही तोवर साफ कोण करणार? तोवर विहीर बुजवणंच सुरक्षित. पंपाच्या कंपनीचा माणूस आला होता, गोड बोलणारा. त्याने बंद पंपाच्या जुन्या वह्यांच्या नकला टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं की शेवटच्या बारा वर्षांत या टाकीतलं डिझेल एक दिवससुद्धा कमी भरलेलं नाही. टाकी गळत असती तर दिसलं नसतं का? इंजिनिअर बाई पानं उलटत होती. ती म्हणाली की हेच नवल आहे, उन्हाळ्यात डिझेल फुगतं, थंडीत बसतं, इतकं तंतोतंत कोणाचंच येत नाही. साहेब म्हणाले, ते तुमचं मत झालं. कागद कागद असतो. आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा व्याही उठले.  काठी त्यांनी खुर्चीला टेकवून ठेवली आणि हात मोकळे घेऊन उभे राहिले. म्हणाले, "वहीतला अक्षर माझा हाय. आनि वही खोटी हाय."

मग त्यांनी सांगितलं. सगळ्या गावासमोर, मुलासमोर, सुनेसमोर, आणि माझ्यासमोर. त्यांच्या आधी डिपवाला होता त्यांचा चुलत भाऊ. त्याच्या पाळीत डिझेल कमी भरू लागलं, पंपाच्या मालकाने त्याला चोर ठरवून हाकललं, गावाने त्याला डिझेलचोर म्हणून हाका मारल्या आणि तो उरणला गेला तो परत आलाच नाही. त्याच्या जागी हे लागले. आठ दिवसांत यांनाही दिसलं की संध्याकाळी सोडलेली काठी आणि सकाळी सोडलेली काठी यांच्यात एक बोट फरक पडतो. रात्रभर कुलूप, किल्ली मालकाकडे, आणि तरी एक बोट. टाकी गळतेय हे त्यांना तेव्हाच कळलं. भाऊ चोर नव्हता हेही कळलं. पण घरी नवी बायको, हातची जमीन गेलेली, आणि बोललो तर आपणही चोर ठरू ही भीती. म्हणून ते बोटभर डिझेल ते रोज वहीत भरून काढत आणि फरक साठला की पुढचा टँकरच कमी भरून आला असं दाखवत. बारा वर्षं. ते म्हणाले, "नाक तवा पन होता मना. मी दाबून धरला."

 मी खाली बघत होतो. आमच्यात मुलीच्या बापाने मान खाली घालायची असते, पण मी त्यासाठी घातली नव्हती. मला वर बघायचं धैर्य नव्हतं. मग मीच उठलो, माझी प्लास्टिकची खुर्ची त्यांच्यामागे सरकवली, कारण त्यांना बसायला हवं होतं, आणि साहेबांना म्हटलं की आता पेन काढलंच आहे तर हे लिहून घ्या. माझा आवाज चढला होता. साहेबांनी लिहून घेतलं. विहीर बुजवायचा हुकूम त्या कागदाखाली गेला.

पुढचं सोपं होतं. कंपनीच्या माणसाचं गोड बोलणं आटपलं. व्याह्यांनी पंपाच्या जागेवरच्या जुन्या कडुनिंबापासून पावलं मोजली, सिमेंटवर टाच आपटली आणि सांगितलं, इथे. खणलं तर तिथेच. आधी उरलीसुरली वाफ काढून टाकी निर्धोक केली, मग क्रेनने उचलली. गंजलेली, चिखलाने माखलेली. आडवी केल्यावर बाईने तिच्या बुडाशी टॉर्च धरला आणि आम्हाला हाक मारली. करंगळी जाईल एवढं भोक होतं, बरोबर टाकीच्या तोंडाच्या खाली. बाईने समजावून सांगितलं की असं पुष्कळ ठिकाणी सापडतं, रोज दोन वेळा काठी आत सोडली की ती एकाच जागी आपटते, तिथला पत्रा झिजतो आणि गंज धरतो. म्हणजे आधी भावाच्या आणि मग यांच्या हातातली हीच काठी. ज्या काठीने गळती मोजली तिनेच ते भोक पाडलं होतं. व्याह्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि ती पितळी काठी माझ्या हातात दिली. आता ती आमच्या दाराआड उभी आहे. मी तिने काही मोजत नाही.

त्याच आठवड्यात ते एकटे उरणला गेले, भावाकडे. संध्याकाळी परत आले तेव्हा हातात सुक्या जवळ्याची पुडी होती. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी न राहवून विचारलं की काय म्हणाला? ते बराच वेळ पुडी हुंगत राहिले. मग म्हणाले, "जेवून जा बोलला."

विहीर काही लगेच बरी झाली नाही. बाईने आधीच सांगितलं होतं की बारा वर्षांचं मुरलेलं बारा महिन्यांत निघत नाही. तेलकट माती उपसून नेली, जमिनीत बारीक बोअर पाडले, त्यातून वाफ ओढणारी मशिनं बसवली, विहिरीवरचा थर काढायला एक पंप लावला. तो दिवसभर म्हाताऱ्यासारखा खोकतो. खर्च कंपनीने करायचा ठरलं आहे, त्याच्यावर तारखा पडत असतात आणि अर्ज मी लिहीत असतो. गावातले काही अजून म्हणतात की म्हाताऱ्याने आपल्या हाताने आपली अब्रू घालवली. म्हणोत. अब्रू कशाशी खातात ते मी त्या मंडपात पाहिलं आहे. माझ्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे की हळदकुंकवाचं ते ताट जपून ठेव, पूजा राहिली आहे, मोडलेली नाही.

गेल्या थंडीत व्याह्यांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. वास येईनासा झाला. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित, नाहीही येणार. त्यांनी चहा हुंगला आणि कप तसाच खाली ठेवला, तेव्हा विहीणबाई आत जाऊन रडल्या. आता दर अवसेला बाराच्या आधी मी जातो. ते लोखंडी खुर्चीवर बसलेले असतात. वाकायला त्यांना जमत नाही, म्हणून दोरीची नळी मी सोडतो, मी वर काढतो आणि मीच हुंगतो. ज्याला आयुष्यभर बोंबलापलीकडे काही कळलं नाही तो मी, आता डिझेलचा वास नाकपुडीच्या टोकावर ओळखतो. बाईने दिलेल्या वहीत काय दिसलं ते लिहायचं असतं.

या खेपेला मी घरून ठरवून निघालो होतो की नाही म्हणून सांगायचं. वास गेला, विहीर बरी झाली, संपलं. त्यांना कुठे कळणार होतं? माणूस थकलाय, सुखाने झोपेल तरी. नळी वर काढली. पाण्यावर रंग होता, अगदी पुसट. मी नाकाशी नेली. व्याही माझ्याकडे बघत होते, काही न विचारता, जसं कोणी बारा वर्षं त्यांच्या वहीकडे बघितलं असेल.

मी म्हटलं, "येतो. कमी झालाय, पण येतो."

"किती हाय?"

"बोटभर नाही. नखाएवढा."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, खरंच सांगतो. वही माझ्या मांडीवर सरकवून म्हणाले, "लिवा व्याही. नखाएवढाच लिवा."

मी नखाएवढाच लिहिला.